साळवी सरांचा रविवार

रविवारी आमच्या आळीत जागा शोधत फिरणारं एखादं तरी कुटुंब साळवी सरांच्या फाटकाशी येऊन थांबायचं. नागावात रविवारी रिकामी खोली मिळणं कठीण. आमच्यासकट सगळ्यांच्या दारावर होमस्टेच्या पाट्या, आणि पाट्यांखाली 'फुल्ल' लिहिलेले पुठ्ठे टांगलेले. सरांच्या वाडीत मात्र नारळीच्या सावलीला दोन पांढऱ्या खोल्या रस्त्यावरूनही दिसायच्या, कडी लावलेल्या, रिकाम्या. सर पडवीतल्या खुर्चीतून उठायचे, सावकाश फाटकापर्यंत जायचे, आणि घामाघूम झालेल्या त्या माणसांना आधी पाणी विचारायचे. आत वळून "आक्का, पाणी आण गं" म्हणायचे. सगळ्यांचं पिऊन झालं की सांगायचे, "आज खोली देत नाही. उद्या या."

"काका, उद्या सोमवार. ऑफिस असतं."

"मग सोमवारी रजा टाका. समुद्र सोमवारीही असतो."

माणसं वैतागून निघून जायची. आमच्या ह्यांना ते बघवायचं नाही. हे सरांचे जुने विद्यार्थी, त्यामुळे बोलायला कचरायचे, पण एकदा न राहवून म्हणालेच, "सर, इथे जे काही मिळतं ते शनिवार-रविवारीच मिळतं. तुम्ही शनिवारी दुपारीच खोल्या रिकाम्या करून घेता."

सर म्हणाले, "म्हणूनच तर. ज्या दिवशी काहीच मिळत नाही तो दिवस देवाला द्यायचा, तर मग दिलं काय?"

सर ख्रिस्ती होते. त्यांचे आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर म्हणून घाटावरून इकडे आले आणि इथलेच झाले. सरांनी अलिबागच्या हायस्कुलात भूगोल शिकवला. उंच, काटकुळे, वाकून चालायचे. रविवारचा पांढरा शर्ट शनिवारी संध्याकाळीच इस्त्री होऊन खुंटीला लागलेला असायचा, बुटांना पॉलिश शनिवारीच. रविवारी ते विहिरीचा पंप लावायचे नाहीत, वाडीत पडलेला नारळसुद्धा उचलायचे नाहीत. दुपारी पडवीत बसले की दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवायचे आणि कुणी काही काम सांगायला आलं तर हात न उचलता म्हणायचे, "आज हात मिटलेत."

शाळेत असताना शनिवारी ते घरचा अभ्यास द्यायचे नाहीत. ह्यांच्या वर्गातल्या एका मुलाने आपण होऊन सह्याद्रीचा नकाशा काढून आणला, डोंगररांगा तपकिरी, खाड्या निळ्या, फार मन लावून रंगवलेला. सोमवारी त्याने तो सरांपुढे धरला. सरांनी बराच वेळ बघितला आणि विचारलं, "कधी काढलास?"

"काल, सर."

"सुंदर आहे. पण रविवारी काढलेला सह्याद्री मी तपासत नाही."

वर्ग हसला, त्या मुलाचे डोळे भरले. मधल्या सुट्टीत सर त्याला बाहेर घेऊन गेले, त्याच्याबरोबर उभे राहून वडापाव खाल्ला, आणि त्याला सांगितलं, "मी तुला रागावलो नाही. तुला कुणी थांब म्हणत नाही, म्हणून मी म्हटलं." तो मुलगा आता उरणला बंदराच्या कामात आहे. सर गेल्याचं कळल्यावर गाडी घेऊन आला तेव्हा त्यानेच ही गोष्ट पुन्हा सांगितली.

रविवारी दुपारी सरांच्या पडवीत आम्ही शेजारी जमायचो. पाहुण्यांची जेवणं उरकून हे जायचे, पाठोपाठ मी. तिथे धर्मांतराच्या गोष्टी कधी निघाल्या नाहीत, पण विसाव्याबद्दल सर बोलायला लागले की ऐकत बसावंसं वाटायचं.

"देवाने सहा दिवसांत जग घडवलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, हे ऐकलं की लोकांना वाटतं, देव दमला. देव कसा दमेल? दमलेला माणूस झोपतो. देव झोपला नाही, थांबला. केलेलं चांगलं झालंय हे त्याने बघितलं, आणि हात मिटले. दमल्यावर थांबणं बैलालाही कळतं. न दमता थांबणं, ही देवाची रीत."

हे म्हणाले, "पण सर, रेवदंड्याकडचे तेलाचे घाणे चालवणारे यहुदी लोक शनिवार पाळायचे ना? आमच्या आजीच्या तोंडी त्यांचं नावच शनिवार तेली."

"मूळ शब्बाथ शनिवारचाच," सर म्हणाले. "त्यांच्याकडूनच आमच्याकडे आला. येशूला क्रूसावर मारलं तो शुक्रवार. शनिवारभर तो कबरेत होता. माझे आजोबा म्हणायचे, त्यानेसुद्धा तो विसाव्याचा दिवस मोडला नाही. आणि रविवारी पहाटे तो उठला. म्हणून आम्ही रविवार पाळतो, आठवड्याचा पहिला दिवस. आठवडाभर राबून शेवटी मिळवलेला विसावा नाही हा. आधी विसावा, मग काम. मिळवलेला नाही, मिळालेला."

असं काही बोलून झालं की ते नुसते बसायचे. आम्हीही. समुद्रावरून बोटींच्या मोटारींचा आवाज येत राहायचा.

आमच्या आळीत नारळ उतरवणारा महादू. सरांच्या वाडीत त्याला रविवारी यायची बंदी होती, आणि त्या दिवसाची मजुरी मात्र चालू. महादूला पहिल्यांदा यात काहीतरी गडबड वाटली. मला येऊन म्हणाला, "वैनी, सर लय न्यारा मानूस हाय. काम न्हाय करायचा, पैसं घ्यायचं, आन वर म्हनतो झाडावर चढलास तर बघ. त्याचं काय बिनसलंय काय?" मी सरांना विचारलं तर ते गंभीरपणे म्हणाले, "बायबलात विसाव्याची आज्ञा आहे, तिच्यात एकेकाचं नाव घेतलंय. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा गडी, तुझी मोलकरीण, तुझा बैल, तुझं गाढव, तुझ्या वेशीत आलेला परका. कुणीही त्या दिवशी काम करायचं नाही. मालक विसावला आणि गडी राबला, तर त्याला विसावा म्हणत नाहीत, ऐट म्हणतात."

अलिबागच्या त्यांच्या देवळातल्या छोट्या मंडळीत पाळक, म्हणजे धर्मगुरू, नसला की सरच उपदेश करायचे, आणि विसाव्यावरचा त्यांचा उपदेश लोक मागून घ्यायचे असं मी ऐकलं होतं.

हे सगळं बोलणं चहावर चालायचं. चहा आतून यायचा.

आत आक्का असायच्या. नाव रूथ, सरांच्या मोठ्या बहीण. बुटक्या, चपळ, केसांचा घट्ट अंबाडा, आणि हात कोरडे असले तरी पदराला पुसायची सवय. तरुणपणी त्या घाटावरच्या मिशन हॉस्पिटलात नर्स होत्या. सरांची बायको तापाने गेली तेव्हा नोएल चालायलाही शिकला नव्हता. आक्का महिन्याची रजा काढून भावाच्या घरी आल्या आणि परत गेल्याच नाहीत. लग्न केलं नव्हतंच. नोएल मोठा झाला, इंजिनिअर होऊन पुण्याला गेला. आक्का राहिल्या.

आक्कांचा रविवार उजाडायच्या आधी सुरू व्हायचा, कारण आठवड्यातलं सगळ्यात मोठं जेवण रविवारचं. मटण, वडे, भात, सोलकढी आणि शेवटी कस्टर्ड. सर सकाळी रिक्षाने अलिबागला उपासनेला जायचे आणि दुपारी येताना कुणाला ना कुणाला जेवायला घेऊन यायचे. देवळातून आलेला माणूस उपाशी जाऊ नये, असं त्यांचं म्हणणं. मी मागच्या दाराने आक्कांकडे जायचे. एकदा मी विचारलं होतं, "आक्का, तुम्ही नाही जात देवळात?"

"जायचे की. मग नोएल लहान होता. मग पाहुणे असायचे. मग गेलीच सवय," त्या म्हणाल्या आणि मला खोबरं किसायला दिलं.

एका पावसाळ्यात मंडळीला नवा पाळक आला. तिशीच्या आतबाहेरचा, हसतमुख, मोटरसायकलवर रेनकोट घालून फिरणारा. एका रविवारी सरांनी त्याला आणि मंडळीतल्या आणखी काहीजणांना जेवायला बोलावलं. पावसाळ्यात आमच्या खोल्या रिकाम्याच असतात, म्हणून मी आक्कांच्या हाताखाली वडे थापायला गेले होते. जेवणं झाली. बाकीचे पडवीत गेले. पाळक मात्र आपलं ताट उचलून स्वतः स्वयंपाकघरात आला. चांगल्या मनाचा पोरगा होता, म्हणून आला.

"आजी, जेवण फार छान झालं होतं," तो म्हणाला.

"पोटभर जेवलात ना?" आक्का म्हणाल्या.

"अगदी. आजी, तुम्ही इथे कधीपासून कामाला आहात?"

माझा हात थांबला. आक्कांनी त्याच्याकडे नीट बघितलं. "झाली की बरीच वर्षं."

"साळवी सरांच्या घरी आहात म्हणजे प्रभूचं नाव कानावर पडलंच असेल."

"पडलंय," आक्का म्हणाल्या.

त्याने खिशातून एक घडी केलेलं छोटं पत्रक काढलं. "हे ठेवा तुमच्याकडे. वाचता येत नसेल तर कुणाकडून तरी वाचून घ्या. आणि एखाद्या रविवारी आमच्या उपासनेला या. तिथे तुम्हांला कुणी परकं समजणार नाही."

आक्कांनी हात पदराला पुसले आणि दोन्ही हातांनी तो कागद घेतला. "येईन," त्या म्हणाल्या.

तेव्हा मला दारात सर दिसले. पाण्याचा रिकामा तांब्या घेऊन ते भरायला आले होते, आणि बराच वेळ तिथे उभे असावेत. पाळकही वळला. हसून म्हणाला, "सर, मी आजींना उपासनेला बोलावलंय. रविवारी त्यांना जरा सुट्टी देत जा."

सरांचे ओठ हलले. मला वाटलं, आता सांगतील. ही माझी बहीण, एवढे तीन शब्द. बाहेर पागोळ्या गळत होत्या, आक्का कागद हातात धरून खाली बघत होत्या.

"हो," सर म्हणाले.

पाळक मोटरसायकलवर बसून गेला. पाहुणे गेले. त्या दुपारी सर पडवीत आले नाहीत. हे जाऊन बघून आले, खुर्ची रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आमच्या ओट्यावर येऊन बसले. त्यांच्या अंगात कालचाच शर्ट होता. मी चहा ठेवायला निघाले तर म्हणाले, "चहा नको. बस इथे. नंदा, तू होतीस काल तिथे."

"हो, सर."

"मी काय म्हणालो ते ऐकलंस?"

"ऐकलं."

त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, "येशूला पकडून नेलं तेव्हा त्याच्या पेत्र नावाच्या शिष्याला लोकांनी विचारलं, तू याच्यातलाच ना? पेत्र म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. पण त्याच्या जिवाला धोका होता गं. मला कसला होता? बहीण आहे म्हटलं असतं, तर त्या पोराने पुढे विचारलं असतं, मग त्या देवळात कशा दिसत नाहीत. त्या एका प्रश्नाला मी घाबरलो."

हे म्हणाले, "सर, आक्कांना सांगा की. त्या काही मनावर घेणाऱ्या नाहीत."

"ती आज्ञा मला पाठ आहे," सर म्हणाले. त्यांनी ह्यांचं ऐकलं होतं की नाही कोण जाणे. "मुलगा, मुलगी, गडी, मोलकरीण, बैल, गाढव, परका. त्यात बहीण नाही. म्हणून मला कधी सुचलंच नाही. मी महादूच्या पायांची काळजी केली. गाढव तर माझ्याकडे नाहीही. आणि घरात ही..." ते उठले आणि फाटक न लावताच निघून गेले.

त्या शनिवारी सरांनी आक्कांना स्वयंपाकघराबाहेर बसवलं आणि रविवारचा स्वयंपाक स्वतः करायला घेतला. मटण खाली लागलं, भाताची पेज झाली. आक्का उंबऱ्याशी बसून "गॅस बारीक कर, अरे बारीक कर" म्हणत होत्या आणि ते "तू बोलू नकोस" म्हणत होते. रविवारी सकाळी आक्का मागच्या दाराने माझ्याकडे आल्या. नाताळसाठी ठेवलेली निळ्या काठाची पांढरी साडी नेसल्या होत्या.

"तू येतेस का माझ्याबरोबर? एकटीला जायची लाज वाटते," त्या म्हणाल्या.

"एकट्या कुठे? सर आहेत की."

"तो आहे, म्हणून तर."

मी गेले. त्यांचं देऊळ लहान, पंखे जोरात फिरणारे. गाणं सुरू झालं की सगळे उठायचे, आक्का एक क्षण उशिरा. त्यांनी घरून जुनं गाण्यांचं पुस्तक आणलं होतं, पण तिथे आता कुणाच्या हातात पुस्तक नव्हतं. शब्द समोर पडद्यावर यायचे. आक्कांचा चष्मा जवळचा. त्या मिटलं पुस्तक छातीशी धरून उभ्या राहिल्या. कुणीतरी मागून हळूच त्यांना सांगितलं, "आजी, बसा आता." मला कानकोंडं झालं.

मग पाळकाने विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का. म्हणजे आपल्या आयुष्यातलं काही मंडळीसमोर सांगायचं आहे का. सर उठून पुढे गेले. त्यांनी सगळं सांगितलं. ही माझी सख्खी बहीण, हिने माझा मुलगा वाढवला, मी इथे उभा राहून तुम्हांला विसावा शिकवत होतो तेव्हा ही तुमच्यासाठी वडे तळत होती, आणि मागच्या रविवारी आपल्या पाळकांनी हिला मोलकरीण समजून बोलावलं तेव्हा मी हो म्हणालो. बोलताना त्यांचा आवाज शाळेतल्यासारखा स्पष्ट होता. अर्धं देऊळ रडत होतं. पाळकाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तो खाली उतरून आला आणि आक्कांच्या पायांशी वाकला. बायका येऊन आक्कांना मिठ्या मारायला लागल्या. आक्का कुणाकडेही बघत नव्हत्या. त्यांनी पुस्तकावर इतकी घट्ट बोटं रोवली होती की नखं पांढरी पडली होती.

आम्ही रिक्षाने घरी आलो. फाटकाशी उतरल्यावर आक्का थांबल्या.

"शमुवेल, पाप तुझं आणि उभं मला केलंस," त्या सरांना म्हणाल्या. "आजवर मला कुणी ओळखत नव्हतं. आता सगळे ओळखतात. कोण, तर ती बिचारी. याच्यापेक्षा मला मोलकरीण समजत होते ते बरं होतं."

सर तिथेच उभे राहिले. लाज कशी दिसते ते मी त्या दिवशी पाहिलं. माणूस लहान होत नाही, उलट त्याला आपण फार मोठे, फार उंच झालोय आणि लपायला जागा नाही असं होतं. सर फाटकाच्या खांबाला धरून वाकून उभे होते, आणि तरी सगळ्या आळीला दिसत होते.

त्यानंतर त्यांनी उपदेश करणं सोडलं. रविवारी पडवीत बसणं सोडलं. उलट रविवारीच ते जास्त राबायला लागले. पहाटे उठून केर काढायचे, भांडी घासायचे, आक्कांचे कपडे धुवायचे, स्वयंपाक करायचे. आक्कांना खुर्चीत बसवलेलं असायचं. आळीतले लोक हसायचे. महादू मला म्हणाला, "सरांनी मला काम दिलं न्हाय, आन सोता गड्यावानी राबतो. सांगा त्यास्नी, असं नका करू."

आक्का पार कंटाळून गेल्या. "देवळात गेलं तर बायका हात धरून रडतात. घरात बसलं तर हा कपबशीला हात लावू देत नाही. माझं स्वयंपाकघर होतं तेही नेलंन," त्या म्हणायच्या.

मी एकदा सरांना म्हटलं, "आता पुरे की." ते बादली उचलता उचलता म्हणाले, "अजून कुठे? तिची किती वर्षं गेली आहेत."

पाऊस सरत आला होता तेव्हाची गोष्ट. विहिरीच्या कडेच्या दगडावर शेवाळ साचलं होतं. ओल्या चादरी खांद्यावर टाकून सर वळले आणि घसरले. घोट्याचं हाड मोडलं. प्लास्टर घालून त्यांना घरी आणलं, आणि ज्यांना ते हलू देत नव्हते त्या आक्काच पुन्हा उभ्या राहिल्या. पण या वेळी त्या वेगळ्याच होत्या. पदर खोचलेला, आवाज करडा. "पाय खाली सोडायचा नाही. गोळी आत्ता घ्यायची. रडायचं असेल तर गोळी घेऊन रड." हॉस्पिटलातल्या आक्का मी तोवर पाहिल्याच नव्हत्या.

एका रविवारी मी पेज घेऊन गेले. आक्का सरांचं अंग पुसत होत्या. सर भिंतीकडे तोंड करून पडले होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"हेच राहिलं होतं," ते म्हणाले. "रविवारी पुन्हा तूच. मी अजून काहीच फेडलं नाही आणि पुन्हा तुझ्याकडूनच करून घेतोय."

आक्कांनी फडकं पिळलं. "तुला कुणी सांगितलं फेड म्हणून?"

सरांनी मनगटाने डोळे पुसले.

"ऐक. मला हे काम सोसलं ते आवडलं म्हणून सोसलं, असं मी म्हणणार नाही. राग आला होता मला. तुझ्या पडवीतल्या गप्पा आत ऐकू यायच्या. चहा उकळताना वाटायचं, जावं आणि याच्या अंगावर ओतावा." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा भावाकडे वळल्या. "त्या पोराने मला कागद दिला तेव्हा मी मुद्दाम सांगितलं नाही कोण ते. तू दारात दिसला होतास. म्हटलं, बघू हा काय म्हणतो."

सरांनी डोळे मिटून घेतले.

"तू हो म्हणालास. ते मला लागलं. अजून लागतं. पण आता तू किती कपडे धुतलेस म्हणजे ते जाईल? तू म्हणायचास, देवाचं काम पुरं झालं म्हणून तो थांबला. ते देवाचं. आपलं कुठे पुरं होतं? वॉर्डात बघितलंय मी. वॉर्ड कधी संपत नाही रे. कुणी कण्हतंय, कुणाची सलाईन संपलीय, कुणी मरतंय. तरी पुढची नर्स आली की आमची सिस्टर म्हणायची, रूथ, चार्ज दे आणि जा. मला पहिल्यांदा फार लाज वाटायची, असं अर्धवट टाकून जायची. ती म्हणायची, वॉर्ड तुझा आहे का? ड्युटी तुझी आहे." आक्कांनी चादर नीट केली. "तूही दे चार्ज. ज्याला द्यायचा त्याला. तुझ्याने नाही होणार हे."

"तू माफ केलंस?" सरांनी विचारलं. एखाद्या मुलाने विचारावं तसं.

"करतेय," आक्का म्हणाल्या. "एकदम नाही होत. पण तू मध्ये मध्ये बादल्या वाजवू नकोस."

प्लास्टर निघाल्यानंतर त्या घरात रविवारचा स्वयंपाक बंद झाला. शनिवारी दोघं मिळून काय ते करून ठेवायची आणि रविवारी तेच थंड खायची. पाळक यायचा, शिळी आमटी आणि पाव खायचा, आपलं ताट धुवायचा. आक्का वाटलं तर देवळात जायच्या, पडद्याजवळच्या पहिल्या बाकावर बसायच्या. वाटलं नाही तर घरी झोपायच्या. पाळकाने सरांना पुन्हा उपदेश करा म्हणून खूप सांगितलं. "मी आता ऐकतो," एवढंच सर म्हणाले. सर पुन्हा पडवीत बसू लागले, पण पूर्वीसारखे नाही. आक्का बाहेर आल्या की ते खुर्चीतून अर्धवट उठायचे. "बस रे," आक्का म्हणायच्या. ते बसायचे, पण त्या आत जाईपर्यंत त्यांचे कान लाल असायचे. ती लाज त्यांच्या अंगातून कधी पुरती गेली असं मला वाटत नाही. फक्त ती घेऊन त्यांना बसता येऊ लागलं.

पुढल्या उन्हाळ्यात सर गेले. चारच दिवसांचं दुखणं, अलिबागच्या दवाखान्यात. नोएल येऊन आक्कांना पुण्याला घेऊन गेला. मी सरांना शेवटचं नीट पाहिलं ते त्याच्या थोडं आधी, होळीच्या सुमारास, एका रविवारी संध्याकाळी.

आमच्याकडच्या पाहुण्यांचा मुलगा किनाऱ्यावर चप्पल विसरून आला होता, ती शोधायला मी गेले होते. किनारा माणसांनी फुलला होता. घोडागाड्या, भेळवाले, पाण्यात बनाना बोटीवरून पडून खिदळणारी माणसं. त्या गर्दीत मला साळवी सर दिसले. रविवारी त्यांना समुद्रावर मी आजवर पाहिलं नव्हतं. पांढरा शर्ट, पँट घोट्याच्या वर दुमडलेली, आणि दोन्ही हातांत आक्कांच्या वहाणा. आक्का पुढे पाण्यात होत्या, साडी पोटऱ्यांपर्यंत वर धरून, येणाऱ्या लाटेकडे बघत.

बोटवाल्या पोरांपैकी एकाने सरांना ओळखलं. तो ओरडून म्हणाला, "सर, बसताय काय बोटीवर? तुमच्याकडून पैसं न्हाय घेत."

सरांनी मान हलवली. आजूबाजूचे दोघं-तिघं वळून बघायला लागले. सर ओशाळले. वहाणा त्यांनी पाठीमागे लपवल्यासारख्या केल्या.

आक्कांनी मागे बघितलं. "ये ना इकडे," त्या म्हणाल्या.

सरांनी वहाणा पुढे करून दाखवल्या. कुणी नेल्या तर, असं काहीतरी म्हणाले असावेत. मला लांबून ऐकू आलं नाही.

"नेल्या तर नेल्या," आक्का म्हणाल्या. ते मात्र मला ऐकू आलं.

सर थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग खाली वाकले, वहाणा वाळूवर ठेवल्या, आणि इतक्या लोकांदेखत, लाजत, पाण्यात गेले.